मुंबई दूरदर्शनचे आरंभीचे मराठी कार्यक्रम

मुंबई दूरदर्शन हे दिल्लीनंतरचे भारतातील दुसरे दूरचित्रवाणी केंद्र होय. वरळी येथून २ ऑक्टोबर १९७२ रोजी त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले. त्या काळी प्रक्षेपण कृष्णधवल असे आणि तेही मुख्यतः सायंकाळी.

कलावंत बहुतेक रंगभूमीवरून आले, त्यामुळे आरंभीच्या कार्यक्रमांवर नाटकाची छाप स्वाभाविकच होती. ‘गजरा’मध्ये छोट्या नाटिका व प्रहसने सादर होत. चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवर आधारित ‘चिमणराव’ ही मालिका विशेष गाजली. तीत दिलीप प्रभावळकर चिमणराव, तर बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले होते; पुढे वाचकांच्या डोळ्यांसमोरही याच दोघांचे चेहरे येऊ लागले. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, तर साहित्यिक-कलावंतांच्या मुलाखतींसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा कार्यक्रम असे.

आकाशानंद यांची निर्मिती असलेला ‘ज्ञानदीप’ मात्र या सर्वांहून निराळा. त्याच्या प्रेक्षकांनी गावोगावी ‘ज्ञानदीप मंडळे’ स्थापन करून समाजोपयोगी कामे केली. केवळ पाहणाऱ्याला कर्ता करणारे असे उदाहरण दूरचित्रवाणीच्या इतिहासात विरळाच.

चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. परिणामी या काळातील पुष्कळ कार्यक्रमांचे मुद्रण आज उपलब्ध नाही. ते उरले आहेत प्रेक्षकांच्या आणि कलावंतांच्या आठवणींत.