शाळेबाहेरची शाळा : तिरुवैयारूचा वारसा

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या तीरी वसलेले तिरुवैयारु हे प्राचीन पंचनदक्षेत्र होय. पौष वद्य पंचमीस तेथे त्यागराजस्वामींची आराधना होते व शेकडो गायक पंचरत्न कीर्तने एकमुखाने गातात. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त या क्षेत्राच्या एका निराळ्या अंगाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. ते अंग म्हणजे घरात मिळणारी विद्या.

त्यागराजांचा जन्म १७६७ साली तिरुवारूर येथे झाला. बालपण मात्र मराठे राजांच्या अमदानीतील तिरुवैयारूत गेले. सोंठी वेंकटरमणय्यांकडे त्यांनी रीतसर संगीतशिक्षण घेतले हे खरे. परंतु त्यापूर्वीच माता सीताम्मांच्या मुखातून पुरंदरदासांची पदे आणि पिता रामब्रह्मम् यांच्याकडून रामकथा त्यांच्या कानी पडत होती, असे परंपरा सांगते. गुरूंच्या हाती आले ते नांगरलेले शेत. नांगर घरच्यांनी धरला होता.

राजवाड्यातही हीच दृष्टी दिसते. १७८७ साली तुळजाजीराजांनी बाल सरफोजींना दत्तक घेतले आणि मृत्यूपूर्वी त्यांना श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली सोपविले. परधर्मीय विद्वानाच्या हाती वारस देण्यास मोठे मन लागते. पुढे १७९८ ते १८३२ या काळात सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट केली. ‘देवेंद्र कोरवंजी’ या आपल्या मराठी नाटकात तर त्यांनी भविष्य सांगणाऱ्या कोरवंजीच्या मुखातून जगाचा भूगोल वदविला. जो विषय मुले पाठ करताना कंटाळतात, तो गाण्यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचावा, ही केवढी रसिक कल्पना!

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे निवर्तले, राज्य खालसा झाले आणि मराठीचा राजाश्रय गेला. तंजावरी मराठी कुटुंबांतील मुले शाळेत तमिळ व इंग्रजी शिकू लागली. मराठी उरली ती माजघरात. याच समाजातील सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मले. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झालेले हे गृहस्थ पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. परंतु १८८९ साली, आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, त्यांनी पुस्तिका लिहिली ती मुलांच्या संगोपन-शिक्षणावर! तिची मराठीसह अनेक भाषांत भाषांतरे झाली. राज्यकारभार जाणणाऱ्या पुरुषाला घरचा कारभार क्षुल्लक वाटला नाही, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत. बदलीबरोबर मुलांची शाळा बदलते, शिक्षणाची भाषाही बदलते, पण घर बरोबर येते. म्हणून जे घराने द्यावयाचे, ते शाळेवर ढकलून चालत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास देवनागरीत, मराठीत कोरविला आहे. तो दगड टिकेल; प्रश्न आहे तो वाचणाऱ्याचा. आपल्या मुलांना तेथे नेऊन त्यातील चार ओळी तरी अक्षर लावून वाचावयास शिकविणे, रात्री जेवणानंतर अर्धा तास मराठी पुस्तक मोठ्याने वाचणे, आजीकडून एखादी ओवी पाठ करून घेणे, एवढे प्रत्येक घरास शक्य आहे. मंडळाने पन्नास वर्षे उत्सव सांभाळले. पुढील पन्नास वर्षे भाषा सांभाळावयाची तर तिचा पहिला वर्ग आपल्या माजघरातच भरला पाहिजे.