रथाची उपमा आणि विचार करणारे यंत्र

यंत्राला विचार करता येईल काय, हा प्रश्न २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी ही संवाद करणारी संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली झाल्यापासून घरोघरी चर्चिला जाऊ लागला आहे. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो पुष्कळ जुना आहे. विचार घडतो, तेव्हा विचार करणारा असा कोणी एक आत बसलेला असतो काय? या दुसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर आपण नकळत गृहीत धरतो, त्यावर पहिल्याचे उत्तर ठरत असते. बौद्ध परंपरेत आणि युरोपीय तत्त्वज्ञानात या प्रश्नाचा प्रवास वेगवेगळ्या दिशांनी झाला. त्या प्रवासाचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

मज्झिम निकायाच्या महातण्हासंखय सुत्तात साती नावाच्या भिक्खूची हकिकत आली आहे. हा कोळ्याचा पुत्र. तेच एक विज्ञान बोलते, अनुभवते, बऱ्यावाईट कर्मांची फळे भोगते आणि एका भवातून दुसऱ्या भवात संचार करते, अशी त्याची धारणा झाली होती. भगवान बुद्धांनी त्याला बोलावून घेऊन ही धारणा स्पष्ट शब्दांत खोडून काढली. प्रत्ययावाचून विज्ञानाची उत्पत्ती नाही. लाकडामुळे पेटतो तो लाकडाचा अग्नी, गवतामुळे पेटतो तो गवताचा अग्नी. त्याचप्रमाणे डोळा आणि रूप यांच्या योगाने जे उत्पन्न होते ते चक्षुविज्ञान. म्हणजे जाणीव ही कोणाच्या मालकीची वस्तू नसून कारणसामग्री जुळली असता घडणारी घटना होय.

या विचाराला रथाची उपमा मिळाली ती संयुत्त निकायातील भिक्खुनी संयुत्तात. हा प्राणी कोणी निर्माण केला, त्याचा कर्ता कोठे आहे, असे मार विचारतो. वजिरा भिक्खुणी त्याला उत्तर देतात की, हा केवळ संस्कारांचा पुंज आहे. अवयव एकत्र आले असता जसा 'रथ' हा शब्द प्रचारात येतो, तसाच स्कंध असता 'सत्त्व' हा व्यवहार होतो. या उपमेचे श्रेय सर्वत्र भदन्त नागसेनांना दिले जाते. स्वतः नागसेनांनी मात्र राजासमोर वजिरांचे नाव घेऊन त्यांचे वचन सांगितले आहे. आपल्याकडील पुस्तकांतून ते नाव गळून गेले, हे काही ठीक झाले नाही.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनांडर. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे पाकिस्तानातील सियालकोट, असे अभ्यासक मानतात. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात तो विचारतो, केस म्हणजे नागसेन काय? नखे? दात? वेदना? संज्ञा? प्रत्येक वेळी नकार मिळतो. तेव्हा, येथे कोणी नागसेन नाहीच, आपण खोटे बोललात, असा आरोप राजा करतो. भदन्त त्याला तो कशातून आला ते विचारतात. रथातून, असे उत्तर येते. मग दांडी म्हणजे रथ काय? आस? चाके? जू? यांपैकी काहीच रथ नाही आणि यांच्याबाहेरही रथ नाही. या सर्वांच्या आश्रयाने 'रथ' हे नाव चालते, असे राजा स्वतःच्या तोंडाने कबूल करतो.

युरोपकडे वळले की हीच झडती पुन्हा घेतलेली दिसते, पण निष्कर्ष उलटा निघतो. देकार्तने १६३७ मध्ये माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्राची कल्पना करून त्याला ओळखण्याच्या दोन खुणा सांगितल्या होत्या: प्रसंगानुरूप बोलणे त्याला साधणार नाही, आणि सर्व प्रकारच्या प्रसंगांत योग्य वर्तन करणेही साधणार नाही. कारण त्याला विवेकशील आत्मा नाही. पुढे १७१४ मध्ये लायब्निझने विचार करणारे एक यंत्र गिरणीएवढे मोठे कल्पिले. आत शिरून पाहिले तर एकमेकांना ढकलणारे भागच दिसतील, जाणीव कोठेही दिसणार नाही. येथपर्यंत तो नागसेनांच्या सोबत आहे. पण भागांत जाणीव सापडली नाही, म्हणून ती एखाद्या अविभाज्य, साध्या द्रव्यातच असली पाहिजे, असे तो म्हणतो. ज्या रिकाम्या जागेपाशी नागसेन थांबले, तेथे लायब्निझने आत्मा बसविला! त्याच शतकात, १७४७ च्या सुमारास, ला मेत्रीने माणूस हे यंत्रच आहे असे सांगून दुसरे टोक गाठले.

ॲलन ट्युरिंग या इंग्लिश गणितज्ञाचा प्रसिद्ध लेख 'माइंड' या त्रैमासिकाच्या ऑक्टोबर १९५० च्या अंकात आला. यंत्र विचार करते काय, हा प्रश्न बाजूला ठेवून, लेखी प्रश्नोत्तरांत माणूस कोण आणि यंत्र कोणते हे परीक्षकाला ओळखता येते काय, एवढेच पाहावे, असे त्याने सुचविले. त्याने ज्या नऊ आक्षेपांना उत्तरे दिली, त्यांतील पहिलाच धर्मशास्त्राचा होता: विचार हे अमर आत्म्याचे कार्य आहे आणि यंत्राला आत्मा नाही. ज्या परंपरेने आत्मा आधीच नाकारला, तिच्यापुढे हा आक्षेप उभाच राहत नाही.

त्याच लेखात कांद्याची उपमा आहे. मनाची जी कार्ये यांत्रिक म्हणून समजावून देता येतात ती एकेक पापुद्र्यासारखी काढीत गेलो, तर शेवटी खरे मन हाती लागेल की नुसता शेवटचा पापुद्राच? हे वाचताना फेण सुत्ताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गाभ्याच्या शोधात निघालेला मनुष्य केळीचा खांब तोडतो, सोपटामागून सोपट काढतो आणि त्याला गाभा मिळत नाही. संस्कारस्कंध तसा आहे, असे तेथे सांगितले आहे. परंतु दोन्ही उपमा एकच मानण्याची घाई करू नये. गाभा न सापडल्यास संपूर्ण मन यांत्रिक ठरेल, असे ट्युरिंग म्हणतो. बुद्धवचनातून तसे निष्पन्न होत नाही. माणूस म्हणजे केवळ चार महाभूते, कृत्यांना फळ नाही, असे सांगणारा अजित केसकंबल बुद्धांचा समकालीनच होता आणि त्याचा उच्छेदवादही शाश्वतवादाइतकाच त्याज्य मानला गेला.

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव १९५५ च्या एका प्रस्तावात आले आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात त्या विषयाची पहिली परिषद भरली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. हा नुसता कालयोग. त्याला अधिक अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. मात्र १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रास्ताविकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो पेच मांडला, तो आजच्या प्रश्नाशी थेट भिडतो. आत्मा नाही, तर कर्म कसे? कर्ता नाही, तर जबाबदार कोण? एकीकडे आत्मा नाकारणाऱ्या या ग्रंथात दुसरीकडे मनाला सर्व गोष्टींचे केंद्र मानले आहे.

यंत्रशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न उशिरा आला. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' ही प्रणाली प्रसिद्ध केली. वापरणाऱ्याचेच वाक्य उलटवून त्याचा प्रश्न करावयाचा, एवढीच तिची युक्ती. तरीही त्यांच्या सचिव बाईंनी तिच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. ते अस्वस्थ झाले. यंत्राला काय करता येईल यापेक्षा त्याच्याकडे कोणते काम सोपवूच नये, हा विचार त्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात मांडला. नाझी राजवटीतील बर्लिन सोडून मुलपणी अमेरिकेत आलेल्या या यहुदी संशोधकाला तो सुचावा, यात नवल वाटत नाही.

मिलिंदपञ्हात मनसिकार आणि प्रज्ञा यांत केलेला भेदही येथे ध्यानात घ्यावा. मेंढ्या, बैल, उंट यांना मनसिकार असतो, प्रज्ञा नसते. यव कापणारा डाव्या हाताने मूठ धरतो आणि उजव्या हातातील विळ्याने कापतो. धरणे हा मनसिकार, कापणे ही प्रज्ञा. आजच्या भाषाप्रणाली ज्या रचनेवर उभ्या आहेत, तिच्या मुख्य भागाला २०१७ च्या शोधनिबंधात 'अवधान' असेच नाव दिलेले आहे. ते गणिती क्रियेचे नाव आहे, मनसिकाराचा अनुवाद नव्हे. पण मूठ धरणारा हात दिसला म्हणून विळाही आलाच असे समजू नये, एवढे या भेदावरून म्हणता येते.

जबाबदारीचे उदाहरण घेऊ. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज पारखण्यासाठी तयार केलेली एक प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखीत होती, हे रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये उघड केले. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून ती शिकली होती आणि ते बहुतांशी पुरुषांचे होते. तिच्यात द्वेष करणारा कोणी बसलेला नव्हता. जुन्या व्यवहाराचे संस्कार होते. ज्या समाजात जात आडनावावरून आणि वस्तीवरून ओळखली जाते, तेथील कागदपत्रांवर शिकलेले यंत्र काय शिकेल, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. आणि त्या वेळी, 'हा निर्णय आमचा नव्हे, यंत्राचा आहे', हे उत्तर तयार असेल.

हा युक्तिवाद मिलिंदाने ऐकलेला आहे. पुनर्भवाच्या चर्चेत तो विचारतो की, पुढचे नामरूप निराळे असेल तर मनुष्य पापकर्मातून सुटला असे होणार नाही काय? नागसेन आंबे चोरणाऱ्याचा दृष्टान्त देतात. धन्याने लावले ते आंबे निराळे, मी नेले ते निराळे, असे चोर म्हणतो. तरी तो दंडास पात्र आहे, कारण नंतरचे आंबे आधीच्यांमुळेच झाले. कर्माचे सातत्य राखण्यासाठी येथे कोणताही आत्मा लागत नाही; कारणांची न तुटलेली साखळी पुरते.

आणखी दृष्टान्त द्या, असे राजा म्हणतो. तेव्हा शेकोटीचा दृष्टान्त येतो. थंडीच्या दिवसांत एक मनुष्य शेकण्यासाठी विस्तव पेटवितो आणि तो न विझविताच निघून जातो. त्या विस्तवाने शेजाऱ्याचे शेत जळते. मी पेटविलेला विस्तव वेगळा आणि शेत जाळणारा वेगळा, असे तो राजासमोर सांगू लागतो. अशा माणसाला आपण काय म्हणाल, असे भदन्त विचारतात. तो अपराधी आहे, असे मिलिंद उत्तर देतो.