वेशीबाहेरचे मांजर

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. मांजराच्या वाट्याला मात्र असा मान कधी आला नाही. ते आडवे गेले तर अपशकुन आणि दुधाला तोंड लावले तर चोर! तरीही मांजर मारणे महापाप, त्याला उतारा म्हणून सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे घरोघरच्या आजीने सांगितलेलेच असते. या कात्रीतून आपण एक मधला मार्ग काढला. पिल्ले झाली की पोत्यात घालायची आणि वेशीबाहेर सोडून यायची. पाप टळले, पीडाही टळली! खरोखर टळली काय? वाचकहो, त्यासाठी थोडे मागे वळून पाहू.

१८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईत एक विलक्षण दंगा झाला. सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि दर कुत्र्यामागे शिपायांना इनाम मिळे. इनामाच्या लोभाने घरची कुत्रीही मारली जाऊ लागली. प्रथम पारशी मंडळी खवळली. मग इतरही त्यांना मिळाले. दुकाने बंद पडली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. मुक्या प्राण्याला मारण्याऐवजी सांभाळावे, या विचाराला संस्थेचे रूप मिळाले. पण साऱ्या शहराची जनावरे कोणत्या पांजरपोळात मावणार?

नंतर आला प्लेग. १८९६ साली तो मुंबईत शिरला, १८९७ साली त्याने पुण्याला ग्रासले आणि आमचे सोलापूरही त्याच्या तडाख्यातून सुटले नाही. १९०१ च्या खानेसुमारीत पाऊण लाख वस्ती असलेले हे गिरण्यांचे आणि मागांचे गाव. धान्याची पोती आणि पिठाची खळ जेथे, तेथे उंदीर आलाच. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. मग मांजराचा भाव एकदम वधारला! अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनी तर मांजरे पाळा म्हणजे प्लेग आटोक्यात येईल, असा आग्रहच धरला. १९०८ साली त्यांचे म्हणणे विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकातही छापून आले. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा हा उपाय वाटला तितका निर्धोक नव्हता.

गरज होती तेव्हा बोलावले आणि गरज सरताच वेशीबाहेर काढले, असा हा आपला व्यवहार! शिवाय त्याने मांजरे कमी होतही नाहीत. मांजरी जेमतेम पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत चार-पाच पिल्ले घालते. उकिरड्यावर खरकटे असेल, तर गेलेल्या मांजरांच्या जागी दुसरी येतात. पोत्यातली पिल्ले मात्र अनोळखी माळावर भुकेने मरतात. हे मारणेच झाले, फक्त ते आपल्या डोळ्यांआड होते. उपासमारीने तडफडेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे, हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे.

यावर एक मार्ग आहे. मांजराला पिंजऱ्यात अलगद धरावे, जनावरांच्या डॉक्टरांकडून नसबंदी करून रेबीजची लस टोचून घ्यावी, ओळखीसाठी कानाचे टोक किंचित कापावे आणि बरे झाले की जेथून आणले तेथेच सोडावे. मुंबई महानगरपालिकेने २०१९ पासून मांजरांसाठी असा कार्यक्रम हाती घेतला. ठरल्या वेळी, ठरल्या जागी खाणे घालावे आणि उरलेले उचलून टाकावे. एकट्यादुकट्याने मात्र हे जमत नाही. पेठेतल्या चार घरांनी वर्गणी काढावी, मांजरांची मोजदाद ठेवावी आणि नवे दिसले की त्यालाही डॉक्टरांकडे न्यावे. वस्ती हळूहळू आपोआप घटते आणि राहिलेली मांजरे सुखाने जगतात.

भूतदया म्हणजे नुसते दूध घालणे नव्हे आणि डोळ्यांआड करणे तर नव्हेच. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांचा होता. आपल्याला फक्त त्याच्या कानावर एक खूण करायची आहे. पण त्यासाठी पेठेने एकत्र यायला हवे.