पहाटे चार सत्तावन्न

वेळा घणसोली गावातल्या घड्याळात दिसतील तशाच, भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत. डेटाबेस मात्र गिटलॅब डॉट कॉम या कोड साठवण्याच्या सेवेचा. इंजिनिअर नेदरलँड्समध्ये, साडेचार तास मागे.

३१ जानेवारी २०१७, रात्री १०:५०. एक इंजिनिअर चाचणी सर्व्हरसाठी चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने घेतो. एरवी तो २४ तासांतून एकदा आपोआप निघतो.

१ फेब्रुवारी, रात्री १२:३०. डेटाबेसवरचा भार वाढतो. संशय स्पॅमवाल्यांवर.

पहाटे ४:३०. मुख्य सर्व्हरची प्रत सांभाळणारा दुय्यम सर्व्हर इतका मागे पडतो की त्याला हवे असलेले बदलांचे लॉग मुख्य सर्व्हरने केव्हाच पुसून टाकलेत. ते बाजूला साठवण्याची सोय नाही. दुय्यम रिकामा करून सगळी प्रत नव्याने आणायची, एवढंच उरतं.

प्रत आणणारा प्रोग्रॅम जोडण्या कमी पडतात म्हणतो. मर्यादा ३ वरून ३२ केली जाते. आता पोस्टग्रेस हा डेटाबेसच सुरू होईना: ऑपरेटिंग सिस्टिमचे सेमाफोर पुरत नाहीत. कमाल जोडण्यांचा आकडा ८,००० आहे, आणि जवळजवळ वर्षभर तो विनातक्रार चालला होता. २,००० केल्यावर डेटाबेस उठतो.

प्रत आणणारा प्रोग्रॅम मात्र गप्प. चूक सांगत नाही, पुढेही सरकत नाही. खरं तर तो मुख्य सर्व्हरची वाट पाहतोय. तो असाच वागतो. माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं नव्हतं, एवढंच. अडकलेला आणि वाट पाहणारा प्रोग्रॅम पडद्यावर सारखेच दिसतात. मला सगळ्या रात्रीतला हाच खरा क्षण वाटतो.

नेदरलँड्समध्ये मध्यरात्र उलटलीय. दुय्यमवरची डेटा डिरेक्टरी आड येत असावी, म्हणून ती पुसायचं ठरतं. आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली जाते.

पहाटे ४:५७. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येते, आज्ञा थांबवली जाते. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी शिल्लक.

बॅकअप शोधले जातात. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअपचं साधन ९.२ चं, ते दर वेळी फसत होतं. फसल्याचे ईमेल डिजिटल सही नसल्यामुळे मेल सर्व्हरने परत धाडलेले. क्लाउडवरची बॅकअपची जागा रिकामी. अॅझ्युर क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते.

उरतो १०:५० चा तो स्नॅपशॉट. चाचणी सर्व्हरच्या डिस्क मंद, प्रत उतरायला सुमारे १८ तास.

१ फेब्रुवारीच्याच रात्री ११:३० च्या सुमारास सेवा पूर्ववत. गिटमधला कोड सुरक्षित होता. पण स्नॅपशॉटनंतर, घणसोलीशेजारच्या महापेत रात्रपाळीला बसलेल्या कोणी पहाटे साडेतीनला तिथं इश्यू नोंदवला असेल, तर तो गेला. एकूण फटका सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० शेरे, ७०० खाती यांना. जुने क्रमांक पुन्हा कुणाला मिळू नयेत म्हणून मोजणी १,००,००० ने पुढे ढकलली गेली.