सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नसते! बाळाच्या पहिल्या दातापासून बारावीपर्यंत काय काळजी घ्यायची

जव्हार : पोरगं सात-आठ वर्षांचं असतं. रात्री दाढ दुखते म्हणून रडतं. आई मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात बघते, तर मागची दाढ काळी पडलेली दिसते. ‘दुधाची आहे, पडेल आणि नवी येईल,’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच संपतो. पण ती दाढ बहुतेक वेळा दुधाची नसते. ती पक्की असते. ती गेली की तिच्या जागी पुन्हा दात येत नाही.

दाभोसा, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात ही चूक जास्त महागात पडते, कारण ही दाढ येते नेमकी सहाव्या वर्षी. म्हणजे मूल पहिलीत जातं तेव्हा. काही मुलं त्याच वर्षी आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहायला जातात. काहींचे आई-बाप दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल कधी बरोबर असतं, कधी आजीकडे. त्यामुळे दाढ कधी उगवली आणि कधी किडली, हे कुणाच्याच नजरेला पडत नाही.

सहावी दाढ कशी ओळखायची

पुढच्या दोन दातांच्या मधोमध एक रेष धरा आणि एका बाजूला मागे मोजत जा. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. वर दोन्हीकडे पाच-पाच, खाली दोन्हीकडे पाच-पाच, एकूण 20. त्यामुळे सहाव्या नंबरवर जे काही असेल ते पक्कं. सहावं वर्ष, सहावा नंबर. पुढचा एखादा दात पडलेला असेल तर त्याची रिकामी जागाही मोजायची.

गोंधळ होतो तो यामुळे, की या दाढेसाठी कुठलाच दात पडत नाही. पुढचे दात हलतात, पडतात, शेणात घालून कौलांवर फेकले जातात, घरात हसू होतं. ही दाढ मात्र सगळ्यात मागे, हिरडीतून गुपचूप वर येते. कुणाला साडेपाचव्या वर्षी येते, कुणाला सातव्या.

नवी दाढ पूर्ण वर यायला काही महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. तिच्या वरच्या बाजूला खोल खाचा असतात, त्यात बिस्किटाचा चिखल बसतो, आणि नव्या दाताचं वरचं कवचही अजून पूर्ण पक्कं झालेलं नसतं. या काळात गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ती दाढ वेगळी घासावी लागते. हे काम सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याला जमत नाही. ज्याला स्वतःच्या शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत, त्याला मागची दाढ काय घासता येणार? साधारण आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्या माणसाने करून द्यावा.

दंतवैद्याकडे या खाचा एका पातळ लेपाने बुजवता येतात. त्याला सीलंट म्हणतात. भूल नाही, सुई नाही, दुखत नाही. दाढ किडायच्या आधी केलं तरच त्याचा खरा फायदा, म्हणून सहावं आणि बारावं वर्ष लक्षात ठेवायचं. बाराव्याच्या आसपास तिच्या मागे आणखी एक पक्की दाढ येते.

आधीची गोष्ट : बाळाचे दात

पहिला दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येतो, बहुतेक वेळा खालचा पुढचा. वर्ष उलटलं तरी दात नाही म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, पण दीड वर्षापर्यंत एकही नसेल तर डॉक्टरांना दाखवा. अडीच-तीन वर्षांत वीसही दात येतात. एखादं बाळ जन्मतःच दात घेऊन येतं. ते अशुभ वगैरे काही नसतं, मात्र दात फार हलत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. घरी ओढून काढू नये.

‘दात येताना जुलाब होणारच’ ही समजूत मात्र धोक्याची आहे. दात येताना हिरडी शिवशिवते, लाळ गळते, बाळ किरकिर करतं, हाताला लागेल ते चावतं. जुलाब आणि जोराचा ताप दातामुळे येत नाहीत. त्याच वयात बाळ रांगतं, जमिनीवरचं काहीबाही तोंडात घालतं, वरचं खाणं-पाणी सुरू होतं, म्हणून जंतू पोटात जातात. 1992 साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, ते जव्हार तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. आधीच वजन कमी असलेलं बाळ जुलाबाने फार लवकर ढासळतं. त्यामुळे दाताची वाट न बघता लगेच ओआरएस सुरू करायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्यायच्या. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी, पूर्ण 14 दिवस, जुलाब थांबले तरी. बाळ सुस्त पडलं, पीत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर 108 ला फोन.

पहिला दात दिसला त्या दिवसापासून तो साफ करायचा. आधी ओल्या स्वच्छ फडक्याने, मग लहान मऊ ब्रशने. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात ती कंपनीच्या सोयीची. पेस्ट फ्लोराइडची हवी, हे डब्यावर छापलेलं असतं. मूल पेस्ट गिळणार नाही याकडे लक्ष द्या. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि तिथं मुलांच्या दातांवर डाग पडतात. तेवढ्यावरून पेस्टमधल्या थोड्याशा फ्लोराइडला भ्यायचं कारण नाही.

ब्रश झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. पेस्टचा थोडा अंश दातावर राहिला की तो काम करत राहतो. मोखाड्याच्या ज्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघावी लागते, तिथं हे सोयीचंही आहे. तांब्याभर पाण्यात घरातल्या सगळ्यांचे दात घासून होतात.

कोरा चहा, बिस्कीट आणि पाच रुपयांची पुडी

दातात किडा नसतो. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दात पोखरतो. काही ठिकाणी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले ‘किडे’ पाडून दाखवतात. खाली पडतात ते तापून फुटलेल्या बियांमधले पांढरे कण. दाढ होती तशीच राहते.

किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, याने जास्त फरक पडतो. सकाळी साखर घातलेला कोरा चहा आणि बिस्कीट, शाळेच्या वाटेवर गोळी, दुपारी पुडीतले कुरकुरे, संध्याकाळी परत चहा. दर वेळी दातावर अर्धा-पाऊण तास आम्ल राहतं. लाळेला ते धुऊन काढायला मोकळा वेळच मिळत नाही. नागलीची भाकरी, वरईचा भात, भाजी, अंगणवाडीत अमृत आहारातून मिळणारं अंडं, यांनी हे होत नाही. चॉकलेट द्यायचंच असेल तर जेवणाबरोबर द्या आणि विषय संपवा. दिवसभर थोडं थोडं नको.

सगळ्यात वाईट म्हणजे रात्री दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात देऊन बाळाला झोपवणं. झोपेत लाळ कमी होते आणि गोड तसंच दातांवर साचून राहतं. वरचे पुढचे चार दात आधी पांढुरके, मग तपकिरी होतात आणि दोन वर्षांचं होईपर्यंत झिजून खुंट उरतात. पांढरा खडूसारखा पट्टा दिसला की तिथंच थांबवता येतं. त्यासाठी ओठ वर करून हिरडीजवळ महिन्यातून एकदा बघायची सवय ठेवा.

इथं एक गैरसमजही दूर करायला हवा. अंगणवाडीत दिलेल्या लोहाच्या औषधाने दातावर काळे डाग पडतात. ती कीड नाही. डाग घासून किंवा दवाखान्यात साफ करून जातात. त्या भीतीने औषध बंद करू नका.

आणि ‘दुधाचे पडणारच’ याचं उत्तर : पुढचे पडतात सहा-सात वर्षांत, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे सहा-सात वर्षं दुखत जेवायचं. मूल एका बाजूने खातं, कमी खातं, वजन वाढत नाही. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्के दात वाकडेतिकडे येतात. मुळाशी पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही डाग पडू शकतो.

कुठे दाखवायचं

शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ देशात सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, 6 फेब्रुवारी 2013 रोजी. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमात फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दात आहेत, फाटलेला ओठ आणि टाळू आहे. पण पथक आलं त्या दिवशी मूल भट्टीवर असलं तर ते वर्ष गेलं. म्हणून निघण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, अंगणवाडीताईंना किंवा गुरुजींना तारीख विचारा. तारीख चुकली तर परत आल्यावर स्वतः घेऊन जा. आश्रमशाळेतल्या मुलाला सुट्टीत घरी आणलं की पहिल्या दिवशी तोंड उघडायला सांगा आणि सहाव्या नंबरची दाढ बघा. त्याच्या पेटीत ब्रश आहे का, हेही बघा. तीन महिन्यांत ब्रशचे केस फाकतात.

दाभोशाहून जव्हार साधारण 20 किलोमीटर. तिथलं पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय ही जवळची सरकारी ठिकाणं. दंतवैद्य कोणत्या वारी बसतात, हे आशाताईंकडून आधी विचारून घ्या, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं वाया जात नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठं काम निघालं तर मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय आहे, नाशिककडे जाणाऱ्यांना पंचवटीत केबीएच दंत महाविद्यालय आहे.

डॉक्टरांकडे गेलं की मशीनने कोरणार, ही भीती मुलांना असते आणि खरं तर मोठ्यांनाही. लहान कीड हातातल्या हत्याराने साफ करून सिमेंट भरता येतं, त्याला वीजही लागत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचा एक थेंब लावला की कीड बऱ्याचदा तिथंच थांबते. दात त्या जागी काळा होतो, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ही दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घेतली. आपल्या रुग्णालयात ती आहेत का, हे विचारायला लाजू नका.

थांबायचं नाही, असे दोन प्रसंग

गाल किंवा जबडा सुजला, ताप आहे, डोळा मिटत चालला, गिळताना किंवा तोंड उघडताना त्रास होतो : त्याच दिवशी रुग्णालय, रात्र असली तरी. पू मानेकडे उतरला तर श्वास अडतो. तंबाखू, चुना, पेट्रोलचा बोळा दाढेत भरू नका, हिरडी भाजते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, विचारून.

दुसरा प्रसंग पडण्याचा. पावसाळ्यात ओढ्या-धबधब्याचे खडक शेवाळाने गुळगुळीत होतात, मुलं तोंडावर आपटतात. पक्का दात मुळासकट निघाला तर तो शोधा, वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरून लगेच खाचेत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दुधात टाका. दूध नसेल तर मुलाच्याच थुंकीत, वाटीत. कोरड्या कागदात नको. अर्ध्या-एक तासात डॉक्टर गाठले तर दात जगू शकतो. उशीर झाला तरी दात घेऊनच जा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

आठवी ते बारावी : मिश्री आणि पुडी

या वयात ब्रश करताना रक्त आलं तर मुलं घासणं सोडतात, आणि हिरडी आणखी सुजते. मऊ ब्रशने हिरडीजवळ रोज घासलं तर बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर दाखवा.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. आजी लावते, आई लावते, दात दुखतो म्हणून मुलीच्या बोटावरही चिमूटभर येते. दुखणं थोडा वेळ बधिर होतं, लत मात्र लागते. राखुंडीने दाताचं कवच झिजतं. कडुनिंबाचं किंवा करंजाचं दातवण चालेल, पण त्यात फ्लोराइड नसतं, म्हणून रात्री पेस्ट हवीच.

मुलाला तंबाखूची पुडी देणं हा बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पोरांच्या खिशात सुपारी सापडतेच. सुपारीने तोंडाची आतली कातडी आवळत जाते. घरी बघायचं असेल तर मुलाला त्याचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटं मावत नसतील, तिखट लागून तोंड पोळत असेल, किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर रुग्णालयात न्या. सवय सोडायला मदतीसाठी मोफत नंबर 1800-11-2356.