द्रव्याचा गत्यात्मक सिद्धांत

द्रव्याचा गत्यात्मक सिद्धांत हा भौतिकशास्त्रातील एक मूलभूत सिद्धांत आहे. सर्व द्रव्य सतत गतिमान असलेल्या सूक्ष्म कणांचे (अणू, रेणू किंवा आयन) बनलेले असते, या गृहीतकावर तो आधारलेला आहे. कणांची गतिज ऊर्जा आणि त्यांना एकत्र बांधणारे आकर्षण यांपैकी कोण वरचढ ठरते, यावर पदार्थाची स्थायू, द्रव किंवा वायू अवस्था अवलंबून असते. तापमान हे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे निदर्शक आहे.

तीन अवस्था

स्थायूतील कण आपली जागा सहसा सोडत नाहीत. मात्र ते जागच्या जागी सतत कंप पावत असतात. द्रवातील कणही जवळजवळ तितकेच दाटीने असतात, परंतु एकमेकांवरून सरकू शकतात. त्यामुळे द्रवाला निश्चित आकारमान असते, निश्चित आकार नसतो. वायूत आकर्षणाचा प्रभाव नगण्य होऊन कण मोकळे फिरतात. सामान्य वातावरणीय दाबाखाली एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ सुमारे १,६०० लिटर जागा व्यापते. रेणू मात्र तेवढेच आणि त्याच आकाराचे राहतात. वाढते ते त्यांच्यामधील अंतर.

अप्रकट उष्मा

बर्फाला उष्णता देत राहिले तरी तो पूर्ण वितळेपर्यंत बर्फ-पाण्याच्या मिश्रणाचे तापमान ०° से. वरच राहते. ही उष्णता रेणूंची गती वाढवण्यात नव्हे, तर त्यांच्यातील बंध सैल करण्यात खर्च होते. म्हणजेच ती स्थितिज ऊर्जेच्या रूपात साठते. एक ग्रॅम बर्फ वितळवण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. ते पाणी ०° पासून १००° से. पर्यंत तापवण्यास सुमारे १००, आणि त्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. वाफ होताना रेणूंना एकमेकांपासून पूर्णपणे सुटावे लागते, म्हणून हा शेवटचा आकडा एवढा मोठा आहे. वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा गंभीर असते, तेही यामुळेच. उकळत्या पाण्यातील बुडबुडे वाफेचे असतात. पाण्याच्या रेणूचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात, हा समज चुकीचा आहे.

सर्व रेणूंचा वेग सारखा नसतो. पृष्ठभागावरील अधिक वेगवान रेणू उत्कलनांकाच्या खालीही निसटतात आणि मागे उरलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते. माठातील पाणी याच कारणाने गार होते. दमट हवेतून बाष्पाचे रेणू मोठ्या संख्येने परत येत असल्याने कोकणात माठाचा गारवा विदर्भातील कोरड्या उन्हाळ्याइतका जाणवत नाही.

इतिहास

डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ मध्ये वायूचा दाब हा कणांच्या आघातांचा परिणाम असल्याचे मांडले. पुढे शंभर वर्षे या कल्पनेकडे फारसे लक्ष गेले नाही. जॉन वॉटरस्टन यांचा १८४५ मधील निबंध रॉयल सोसायटीने नाकारला. लॉर्ड रॅले यांनी तो शोधून १८९२ मध्ये छापला, तेव्हा वॉटरस्टन हयात नव्हते.

रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावत असतील, तर खोलीच्या एका टोकाचा वास दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास वेळ का लागतो, हा बाइस बॅलट यांचा आक्षेप रास्त होता. रेणू वारंवार आदळून दिशा बदलतात, असे उत्तर रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५८ मध्ये दिले. सामान्य हवेत दोन टकरींमधील सरासरी अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते.

तरीही न दिसणारे अणू खरे मानावेत का, हा वाद संपला नाही. एर्न्स्ट माख यांच्यासारखे विरोधक असताना लुडविग बोल्ट्झमन यांनी अणुवादाची बाजू लावून धरली. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची वेडीवाकडी हालचाल, म्हणजे ब्राउनीय गती, ही रेणूंच्या धडकांमुळे होते, याचे गणित आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले. बोल्ट्झमन १९०६ मध्ये निवर्तले. त्यानंतर थोड्याच वर्षांत झाँ पेरँ यांच्या प्रयोगांनी त्या गणिताला दुजोरा दिला. या कार्यासाठी पेरँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा

अतिशय कमी तापमानाला हे अभिजात चित्र अपुरे पडते. सामान्य दाबाखाली हेलियम निरपेक्ष शून्याजवळही गोठत नाही. त्याचे स्पष्टीकरण पुंजयामिकीने मिळते.