हिवाळा संपताना गोल्फ कोर्स कसा सांभाळतात? जमिनीचं तापमान आणि 'ग्रोइंग डिग्री डे'

मार्चमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनसारख्या थंड राज्यात एखाद्या दुपारी पारा अचानक १५ अंश सेल्सिअसवर जातो. लगेच क्लबच्या मेंबरांचे फोन सुरू होतात, कोर्स कधी उघडताय? पण कोर्सचा सुपरिंटेंडंट हवेच्या तापमानावर भरवसा ठेवत नाही. त्याचं लक्ष असतं जमिनीत काही सेंटिमीटर खोल पुरलेल्या सेन्सरवर.

कारण जमीन हवेपेक्षा उशिरा तापते. वरचा थर वितळून मऊ झालाय, पण खालची माती अजून गोठलेलीच, अशी अवस्था काही दिवस राहते. पाणी खाली झिरपत नाही. अशा वेळी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, लोक चालले की वरचा थर सरकतो आणि मुळं तुटतात. पहाटे गोठलेल्या पानांवर पाय पडला तरी पेशी फुटतात, आणि मग बुटांचे तपकिरी ठसे उमटतात. म्हणून खेळ उशिरा सुरू करतात. याला 'फ्रॉस्ट डिले' म्हणतात. ग्रीनवरचं गवत जेमतेम ३ मिमी उंच असतं, त्यामुळे झालेली इजा भरून यायला वेळ लागतो.

तणाचं वेळापत्रकही हाच सेन्सर ठरवतो. जमिनीचं तापमान काही दिवस सलग १३ अंशांच्या आसपास राहिलं की क्रॅबग्रास उगवायला लागतं. त्याला रोखणारं औषध उगवण्याआधीच मातीत पोचलेलं हवं. उशीर झाला तर त्या औषधाचा फारसा उपयोग नाही.

आता 'ग्रोइंग डिग्री डे'. नाव भारी आहे, प्रत्यक्षात ही साधी रनिंग टोटल आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या, सरासरी काढा, त्यातून बेस तापमान वजा करा. उत्तर ऋण आलं तर शून्य धरा. मग रोजचा आकडा बेरजेत टाकत जा. कोड लिहायचा तर चार ओळींचं काम!

याचा सर्वांत चांगला वापर ग्रोथ रेग्युलेटरसाठी होतो. ट्रायनेक्झापॅक-इथाइल फवारलं की गवताची वाढ मंदावते, ते दाट होतं. पूर्वी ही फवारणी कॅलेंडर बघून, ठरावीक आठवड्यांनी व्हायची. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये बेंटग्रासच्या ग्रीनसाठी दाखवलं की बेस ० अंश धरून बेरीज २०० झाली की पुन्हा फवारावं. एप्रिलमध्ये सरासरी ९ अंश असेल तर २०० गाठायला २२-२३ दिवस लागतात. जुलैत सरासरी २५ असेल तर फक्त ८. म्हणजे एप्रिलमध्ये बरोबर वाटणारा तीन आठवड्यांचा नियम उन्हाळ्यात सपशेल चुकतो. शिवाय औषधाचा असर ओसरल्यावर गवत नेहमीपेक्षा जास्त वेगाने वाढतं, म्हणजे उलटाच परिणाम.

दक्षिणेकडच्या जॉर्जियात गणित वेगळं. ऑगस्टा नॅशनलच्या फेअरवेवर बर्म्युडा गवत आहे. हे आपल्या हरळीचंच भावंडं. हो, गणपतीला वाहतो त्या दूर्वाच. थंडीत ते तपकिरी पडून झोपतं आणि जमीन साधारण १८ अंशांवर गेली की जागं होतं. मास्टर्स स्पर्धा तर एप्रिलमध्ये असते. त्यामुळे शरद ऋतूत त्यावर रायग्रास पेरतात. टीव्हीवर दिसतो तो हिरवागार रंग मुख्यतः त्याचा. तिथल्या ग्रीनखाली सबएअर नावाची यंत्रणाही आहे. निचऱ्याच्या पाइपांना ब्लोअर जोडून ती मातीतलं जास्तीचं पाणी खेचते, किंवा उलट दिशेने हवा ढकलते.

सेन्सर कुठे पुरायचा, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. झाडांच्या सावलीतलं ग्रीन उघड्यावरच्या ग्रीनपेक्षा बरेच दिवस मागे असू शकतं. एकाच सेन्सरचा आकडा अठराही ग्रीनना लावला तर सावलीतलं ग्रीन गोठलेलं असतानाच खेळाडू त्यावर पोचतील. म्हणून निदान एक सेन्सर सर्वांत थंड ग्रीनमध्ये पुरावा, आणि कोर्स उघडायचा निर्णय त्याच्यावर घ्यावा.